दुसऱ्याच्या कपाटातला कागद : दिवाणी दाव्यात पुरावा एकमेकांना कसा दाखवतात?



आठवीच्या नागरिकशास्त्रात ‘भारतातील न्यायव्यवस्था’ हा पाठ आहे. त्यात दिवाणी आणि फौजदारी कायद्यातला फरक थोडक्यात दिलेला आहे. जमिनीचे तंटे, भाडेकरार, घटस्फोट म्हणजे दिवाणी. चोरी, मारामारी, खून म्हणजे फौजदारी. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, विषय संपतो. मागच्या वर्षी मात्र तो संपला नाही. शेवटच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, समोरच्याकडं असलेला कागद आपल्याला आधी बघायला मिळतो का? का तो एकदम कोर्टातच काढतात?”

मला उत्तर येत नव्हतं. “उद्या सांगते” म्हणून वेळ मारून नेली. सुट्टीत त्याला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं, की त्याच्या आईने माहेरच्या जमिनीत हिस्सा मागण्यासाठी वाटणीचा दावा लावलाय. मामा लोकांचं म्हणणं, ‘तू हक्कसोडपत्र करून दिलंय, तुझा आता काही संबंध नाही.’ आई म्हणते, ‘मी सह्या केल्या त्या सोसायटीच्या कर्जाच्या कागदांवर. हक्क सोडल्याचा कागद मी डोळ्यांनी पाहिलेला नाही.’ दोन वर्षं झाली, दावा चालू आहे, आणि ज्या एका कागदावर सगळं अडलंय तो तिने अजून बघितलेलाच नाही. घरच्यांची समजूत अशी, की तो निकालाच्या दिवशीच बाहेर येणार.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो. दोन रविवार त्याच्याकडे बसले, त्याने दिवाणी प्रक्रिया संहिता पुढ्यात ठेवून समजावलं. त्यातलं मला जे कळलं ते इथे मांडते. मी वकील नाही. ज्यांचा दावा खरोखर चालू आहे त्यांनी आपल्या वकिलांना विचारूनच पाऊल टाकावं. पण काय विचारायचं हे तरी कळावं, म्हणून हा लेख.

आधी सिनेमा डोक्यातून काढू. शेवटच्या क्षणी दार उघडतं, कोणीतरी धापा टाकत आत येतं, हातात पिवळा पडलेला कागद, आणि सगळं कोर्ट थक्क. दिवाणी न्यायालयात असं कोणी आलं तर पहिला प्रश्न येईल, “हा कागद यादीत आहे का? आधी का दाखल केला नाही?” आपल्याकडचे दिवाणी दावे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार चालतात. या संहितेची मांडणी दोन थरांची आहे. वर कलमं, आणि खाली पहिल्या अनुसूचीत ‘आदेश’ आणि त्यातले ‘नियम’. कागद कोणी, कधी, कोणाला दाखवायचा हे बहुतेक या आदेशांत आहे.

सुरुवात वादीपासून होते. आदेश ७ चा नियम १४ सांगतो, की ज्या कागदांच्या जोरावर तुम्ही दावा लावताय त्यांची यादी करायची आणि ते कागद वादपत्राबरोबरच न्यायालयात द्यायचे. एखादा कागद आपल्याकडे नसेल तर तो कोणाच्या ताब्यात आहे हे शक्य असेल तिथे लिहायचं. तेव्हा दिला नाही, तर पुढे सुनावणीत तो न्यायालयाच्या परवानगीशिवाय घेतला जात नाही. प्रतिवादीलाही हाच न्याय. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने लेखी कैफियत द्यायची. न्यायालय कारण नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. आणि आदेश ८ च्या नियम १अ प्रमाणे आपल्या बचावाचे कागदही त्या कैफियतीबरोबर जोडायचे. पुढे ‘मुद्दे’ निघतात, म्हणजे वाद नेमका कशाकशाबद्दल आहे ते न्यायाधीश ठरवतात. मूळ प्रती त्याआधी किंवा त्यावेळी हजर करायच्या. पुराव्यात घेतलेल्या प्रत्येक कागदावर दाव्याचा क्रमांक, कागद कोणी आणला, कधी आणला हे लिहिलं जातं. आपल्याकडच्या कोर्टांत त्याला ‘निशाणी’ पडते. रोजनाम्यात ‘निशाणी क्रमांक अमुक’ असं वाचलंत तर ते हे.

सरतपासणीसुद्धा आता तोंडी नसते. २००२ पासून साक्षीदाराची सरतपासणी शपथपत्रावर होते आणि त्याची प्रत समोरच्या बाजूला द्यावी लागते. म्हणजे तो काय सांगणार हे उलटतपासणी घेणाऱ्याला आधीच वाचायला मिळतं.

सिनेमा अगदीच खोटा नाही, एक फट आहे. साक्षीदाराची उलटतपासणी घेताना त्याला तोंडावर पाडण्यासाठी एखादा कागद ऐनवेळी दाखवता येतो. स्वतः वादी किंवा प्रतिवादी साक्षीला उभा असेल तरीही हे चालतं का, यावर बरेच मतभेद होते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालतं. कारण सरळ आहे. खोटं बोलायच्या तयारीने आलेल्या माणसाला कागद आधीच दाखवला तर तो त्याप्रमाणे आपली गोष्ट बदलून घेईल.

वर्गात मी हे सगळं भाषण देऊन सांगितलं नाही. चिठ्ठ्यांचा खेळ केला. तुम्हालाही करता येईल, दोन तासिका लागतात. एका बाईने शिलाई मशीन घ्यायला दुकानदाराला चार हजार आगाऊ दिले. दुकानदार म्हणतो दुसरा हप्ता आला नाही म्हणून मशीन दिलं नाही. बाई म्हणते मशीन नादुरुस्त होतं म्हणून मी हप्ता थांबवला. दोन्ही गटांना चार-चार चिठ्ठ्या दिल्या. पावती, वहीतली नोंद, मोबाइलवरचा निरोप, दुरुस्तीवाल्याची चिठ्ठी असं. प्रत्येक गटाच्या चारपैकी एक चिठ्ठी त्यांच्याच विरोधात जाणारी होती. एका मुलीला न्यायाधीश केलं.

पहिल्या दिवशी नियम असा, की कोणी, काय, कधी दाखवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. नुसता गोंधळ! बाईच्या गटाने पावती लपवून ठेवली आणि घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी विजयी मुद्रेने काढली. न्यायाधीश झालेली मुलगी वैतागून म्हणाली, “ही सकाळीच दाखवली असती तर आपण एवढं भांडलो असतो का? आता मी नाही घेत जा!” आदेश ७, नियम १४, पोटनियम ३. तिने तो कुठेही वाचलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नियम बदलला. खेळ सुरू व्हायच्या आधी आठही चिठ्ठ्या टेबलावर, उताण्या. दहा मिनिटांत दोन्ही गट तडजोडीवर आले, कारण आपली बाजू किती लंगडी आहे हे दोघांनाही दिसलं. पुरावा आधी दाखवण्याच्या नियमांचा हा मोठा उपयोग आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. लोक तडजोड करत नाहीत कारण समोरच्याकडे काय आहे हे माहीत नसतं, आणि माहीत नसलं की आपलंच पारडं जड वाटतं.

पण त्याच दिवशी एका मुलाने विचारलं, “बाई, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही आमच्या विरोधातली चिठ्ठी टेबलावर ठेवली. खऱ्या कोर्टात स्वतःच्या विरोधातला कागद कोण ठेवेल?”

मला वाटतं या सगळ्या विषयाचा कणा हा प्रश्न आहे. वर सांगितलेले नियम नीट वाचा. यादी कशाची द्यायची? ज्या कागदांवर तुम्ही विसंबून आहात त्यांची. ज्याने तुमचं नुकसान होईल त्याबद्दल हे नियम गप्प आहेत. साध्या दिवाणी दाव्यात असा कागद समोरच्याकडून काढून घ्यायचा असेल तर तो मागावा लागतो. आणि मागायची दारं आदेश ११ मध्ये आहेत. माझा विद्यार्थी म्हणाला, “बाई, तालुक्याच्या कोर्टात हा आदेश फार कमी वापरला जातो. पक्षकाराला माहीत नसतो, आणि वकिलाला वाटतं उगाच एक अर्ज वाढेल, तारखा वाढतील.”

यातलं सगळ्यात सोपं दार नियम १५ चं. समोरच्याने आपल्या वादपत्रात, कैफियतीत किंवा शपथपत्रात एखाद्या कागदाचा उल्लेख केला असेल, तर ‘तो कागद मला पाहू द्या आणि नक्कल घेऊ द्या’ अशी लेखी नोटीस थेट देता येते. न्यायालयाची परवानगी लागत नाही. मात्र ही नोटीस मुद्दे निघेपर्यंतच देता येते. ती मिळाल्यापासून दहा दिवसांत समोरच्याने उलट नोटीस देऊन तीन दिवसांच्या आतली एक वेळ कळवायची, आणि साधारणपणे त्याच्या वकिलाच्या कार्यालयात कागद बघायला मिळतो. दाखवला नाही, तर सबळ कारण न्यायालयाला पटवल्याशिवाय त्याला तो कागद पुढे स्वतःच्या बाजूने पुराव्यात वापरता येत नाही. (प्रतिवादीला एक सूट आहे, कागद फक्त त्याच्या स्वतःच्या मालकीपुरता असेल तर.) तरीही टाळाटाळ झाली तर नियम १८ खाली न्यायालयाकडून हुकूम घेता येतो.

समोरच्याने उल्लेखच केला नसेल तर? तेव्हा नियम १२. न्यायालयाकडे अर्ज करायचा, की या वादाशी संबंधित जे जे कागद समोरच्याच्या ताब्यात किंवा अखत्यारीत आहेत ते त्याने शपथेवर सांगावेत. न्यायालयाला गरज पटली तर हुकूम होतो. असा हुकूम झाल्यावर जे शपथपत्र द्यावं लागतं त्याचा नमुना संहितेच्या शेवटी छापलेला आहे. तो मी वाचला आणि मला फार आवडला. त्यात माणसाला कागदांच्या तीन ढिगाऱ्या करायला लावल्या आहेत. एक, माझ्याकडे आहेत आणि दाखवायला हरकत नाही. दोन, माझ्याकडे आहेत पण दाखवायला हरकत आहे, आणि ती का. तीन, पूर्वी माझ्याकडे होते, आता नाहीत. शेवटचे कधी होते आणि त्यांचं पुढे काय झालं. हा तिसरा ढीग ज्याने कोणी सुचवला त्याला माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक असणार. ‘माझ्याकडे नाही’ एवढं म्हणून सुटता येत नाही. होता का? मग गेला कुठे? शपथेवर सांगा.

मागितलेला कागद स्वतः पुरावा म्हणून ग्राह्य असायलाच हवा असंही नाही. १९७२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की वादाच्या विषयावर त्यातून काही उजेड पडत असेल तरी पुरे.

कागदच नाहीत, माहिती फक्त समोरच्याच्या डोक्यात आहे, अशा वेळी लेखी प्रश्नावली देता येते. यासाठी मात्र न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. ‘अमुक तारखेला तुम्ही कार्यालयात हजर होता का?’ ‘पैसे रोख दिले की चेकने?’ असे नेमके प्रश्न. दहा दिवसांत शपथपत्रावर उत्तर. बदनामीकारक, वादाशी संबंध नसलेले, नुसते त्रास द्यायला विचारलेले प्रश्न असतील तर उत्तर देणारा हरकत घेऊ शकतो.

आता आदेशच धुडकावला तर काय? नियम २१ कडक आहे. वादीने धुडकावला तर त्याचा दावा निकालात निघू शकतो आणि त्याच कारणावर नवा दावाही लावता येत नाही. प्रतिवादीने धुडकावला तर त्याचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो, म्हणजे कैफियत दिलीच नव्हती असं समजायचं. हे हत्यार सरसकट उपसायचं नाही, मुद्दाम आणि हट्टाने आदेश मोडला असेल तरच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बजावलेलं आहे. शिवाय पुराव्याच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे. ज्याला कागद दाखवता आला असता पण त्याने दाखवला नाही, तो कागद त्याच्याच विरोधात गेला असता असं न्यायालय गृहीत धरू शकतं. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात हे कलम ११४ खाली होतं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तिथे ते कलम ११९ खाली आहे.

दाखवायचं नाही असंही काही असतं. तुम्ही आणि तुमचे वकील यांच्यात सल्ल्यासाठी जे बोलणं किंवा लिहिणं झालं ते समोरच्याला मागता येत नाही. नवरा-बायकोचं आपापसातलं बोलणं, सरकारी गुपितं यांनाही वेगवेगळ्या मर्यादेत संरक्षण आहे. पण जुनं खरेदीखत वकिलाच्या कपाटात नेऊन ठेवलं म्हणून ते गुपित होत नाही. पालकांच्या एका सभेत हा प्रश्न मला अगदी गंभीरपणे विचारला गेला, म्हणून लिहिलं.

मुलाचा मूळ प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. मागितलंच नाही तर? विरोधातला कागद दाबून ठेवणारा सुटला का? यावर एक गाजलेलं प्रकरण आहे, एस. पी. चेंगलवराया नायडू विरुद्ध जगन्नाथ. मद्रास उच्च न्यायालयाकडून सर्वोच्च न्यायालयात गेलेलं, १९९३ मध्ये निकाल लागलेलं. वकिलांना ते पाठ असतं, आपल्याला माहीत नसतं.

जगन्नाथ हा चुनिलाल नावाच्या सावकाराकडे कारकून होता. सावकाराला काही लोकांविरुद्ध पैशाचा हुकूमनामा मिळाला, त्याच्या वसुलीसाठी त्यांच्या मालमत्तेचा कोर्टातून लिलाव झाला, आणि जगन्नाथने ती मालमत्ता सावकाराच्या वतीने स्वतःच्या नावावर घेतली. नंतर २५ नोव्हेंबर १९४५ च्या नोंदणीकृत दस्ताने त्याने आपला सगळा हक्क सावकाराच्या नावे सोडून दिला. थोडक्यात, हक्कसोडपत्र. दरम्यान मूळ मालकांनी सावकाराची सगळी रक्कम चुकती केली. विषय मिटायला हवा होता. पण जगन्नाथने त्याच मालमत्तेच्या वाटणीचा दावा लावला, त्यात हक्क सोडल्याचं चकार शब्दाने सांगितलं नाही, आणि प्राथमिक हुकूमनामा मिळवलाही. अंतिम हुकूमनाम्याचं काम चालू असताना मूळ मालकांना त्या दस्ताचा पत्ता लागला. हुकूमनामा फसवणुकीने मिळवलाय अशी तक्रार त्यांनी केली. खालच्या न्यायालयाने ती मानली. उच्च न्यायालयाने मात्र उलट ठरवलं. वादीने खरं प्रकरण घेऊन आलंच पाहिजे असं कायदेशीर कर्तव्य नाही, असा त्याचा एकूण सूर होता.

सर्वोच्च न्यायालयाने हे साफ नाकारलं. दाव्याशी संबंधित जे दस्त पक्षकाराने स्वतः करून दिलेले आहेत ते सगळे त्याने न्यायालयापुढे ठेवलेच पाहिजेत. फायदा मिळवण्यासाठी महत्त्वाचा कागद दडवणं ही समोरच्याची फसवणूक तर आहेच, न्यायालयाचीही आहे. आणि असा हुकूमनामा पहिल्यापासूनच शून्य आहे, त्याला कुठल्याही न्यायालयात, कधीही आव्हान देता येतं. दस्त १९४५ चा, शेवटचा शब्द १९९३ चा. मधली अठ्ठेचाळीस वर्षं मी फळ्यावर वजाबाकी करून दाखवली तेव्हा वर्ग एकदम शांत झाला.

एक बारकी गोष्ट सांगते. तो दस्त नोंदणीकृत होता. नोंदणी अधिनियमाप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पहिलं पुस्तक कोणालाही फी भरून पाहता येतं, नक्कल घेता येते. म्हणून पालकहो, समोरच्याच्या कपाटाशी झगडण्याआधी सरकारी कपाटं बघा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची, तलाठ्याकडे सातबारा, आठ-अ आणि फेरफार. फेरफार तर बघाच. जमिनीवरचं नाव कधी आणि कोणत्या कागदाच्या आधारे कमी झालं ते फेरफाराच्या नोंदीतच लिहिलेलं असतं. मृत्युपत्राचं तसं नाही, ते वेगळ्या पुस्तकात असतं आणि करणारा हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणाला बघता येत नाही.

व्यापारी दाव्यांत तर कायद्याने मागायची वाटच बघितलेली नाही. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय अधिनियमाने अशा दाव्यांसाठी आदेश ११ पूर्ण बदलून टाकला. २०१८ पासून तीन लाखांच्या वरचे व्यापारी वाद यात येतात, म्हणजे आपल्या शाळेतल्या किराणा किंवा हार्डवेअरवाल्या पालकांचेही येऊ शकतात. इथे वादाशी संबंधित, स्वतःच्या ताब्यातले सगळे कागद पहिल्याच दिवशी द्यायचे, मग ते आपल्या बाजूचे असोत की आपल्या विरोधातले. ‘माझ्याकडे आणखी काही नाही’ असं शपथेवर लिहून द्यायचं. मागाहून काही सापडलं तर तेही कळवायचं, दावा संपेपर्यंत. वर्गात चिठ्ठी उताणी ठेवायला लावणारा नियम खऱ्या कायद्यात आहे तो हा. माझं प्रामाणिक मत, की घरच्या वाटणीच्या दाव्यांनाही हा नियम लावायला हवा. दोन व्यापारी एकमेकांना तरी तोलून असतात. भावाचं कपाट आणि सासरी गेलेली बहीण यांच्यात तसं काही नसतं. कागद सगळे एकाच घरात राहिलेले असतात.

मोबाइलबद्दल दोन ओळी, कारण पालक हमखास विचारतात. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, फोटो, ध्वनिमुद्रण हाही दस्तऐवजच आहे. नुसती छापील प्रत चालत नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. आणि वाद सुरू झाल्यावर निरोप पुसू नका. तो समोरच्याच्या फोनमध्ये असतोच.

त्या मुलाच्या आईचं काय झालं ते सांगून थांबते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्यांनी होकार दिला आहे.

माझ्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारला, “मुद्दे निघालेत का?” निघाले नव्हते. “मग वेळ आहे.” भावांच्या कैफियतीत हक्कसोडपत्राचा उल्लेख होता, ‘आम्ही यथावकाश दाखल करू’ असं म्हणून प्रत जोडलेली नव्हती. दोन वर्षं यथावकाश चाललं होतं. त्या बाई आपल्या वकिलांकडे गेल्या आणि नियम १५ ची नोटीस द्या म्हणाल्या. वकिलांनी आधी जरा चमकून बघितलं, मग दिली. उत्तर आलं नाही. न्यायालयात अर्ज झाला, हुकूम झाला, आणि एका शनिवारी दुपारी भावांच्या वकिलाच्या कार्यालयात आई आणि तिची थोरली मुलगी तो कागद बघायला गेल्या.

कागद खरा होता. नोंदणीकृत, २०११ सालचा. सही तिचीच. नोंदणीच्या पानावर तिचा फोटोही होता. “अंगावरची साडीसुद्धा ओळखली बाई,” ती मला म्हणाली, “सोसायटीच्या कामाला म्हणून गेले होते त्या दिवसाचीच.” बराच वेळ ती नुसती फोटोकडे बघत बसली होती म्हणे. मग मुलीने खालचं परिशिष्ट वाचलं. त्यात गट नंबर एकच होता. जमीन दोन गटांत आहे. विहिरीकडचा गट त्या कागदात कुठेच नव्हता, आणि कैफियतीत मात्र भावांनी ‘सर्व मिळकतीवरील हक्क सोडला’ असं लिहिलं होतं.

पहिल्या गटाबद्दल फसवून सही घेतली हे तिला सिद्ध करावं लागेल, आणि ते अवघड आहे असं तिच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलंय. विहिरीकडच्या गटाबद्दल मात्र भावांकडे आता दाखवायला काही उरलेलं नाही. मुद्दे गेल्या महिन्यात निघाले. मोठ्या मामाने पहिल्यांदाच बसून बोलू असा निरोप पाठवलाय. ती म्हणते, “बोलायला बसीन, पण कागदाची नक्कल पिशवीत घेऊनच.”